काचेच्या पेटीतला पेंगट

१२ जून

डावेकाका,

अक्षरावरून मी कोण ते कळणार नाही. तुम्ही माझं अक्षर शेवटचं पाहिलंत तेव्हा मी ‘क’ उलटा काढायची. मी टिकली. ‘चिंधीपूर’मध्ये तुमच्याबरोबर बाहुल्या नाचवणाऱ्या तुमच्या जोडीदाराची मुलगी. पत्ता आईने दिला. अडतीस वर्षं तिने तो शिवणाच्या डब्याच्या झाकणात चिकटवून ठेवला होता. तुम्ही घर बदललं नसणार, असं ती छातीठोकपणे म्हणाली. “त्याला दिवा कुठल्या बटणाने लागतो हे शिकायलाच वर्ष लागतं, तो कसला घर बदलतोय!”

मी जुन्या टेपा साफ करण्याच्या कामाला आहे. बुरशी पुसायची, तुटलेलं जोडायचं, नवी प्रत काढायची. यंदा चिंधीपूरचे सगळे भाग आले आणि पाठोपाठ त्याच स्टुडिओत तुमच्या शेजारच्या फ्लोअरवर चित्रित झालेल्या ‘यान सातवं’चेही. दोन्ही मालिका पुन्हा दाखवणार आहेत. एक बाहुल्यांचा धिंगाणा, दुसरी अंतराळातली गंभीर गोष्ट, पण दोघांनी एकमेकांच्या इतक्या खोड्या काढल्यात की साहेब म्हणाले, यादीच कर.

यानातल्या ग्रहांच्या नकाशावर ‘चिंधीपूर’ नावाचा ग्रह आहे, त्याला दोन चंद्र, आणि दोन्ही चंद्र म्हणजे सदऱ्याची बटणं. परग्रहाच्या राजाचा मुकुट म्हणजे तुमच्या स्वयंपाकिणीची चाळणी. उलट, यानाचा कप्तान रस्ता चुकून चिंधीपुरात येतो आणि तुमचा बोकड त्याला सांगतो, “सरळ जा, उजव्या हाताला सूर्य लागेल, तिथे कुणालाही विचारा.” मी एकटी बसून हसले.

एकतिसावी नोंद अडली आहे. यानाचा सव्विसावा भाग. प्रवासी शंभर वर्षांच्या झोपेत, काचेच्या पेट्यांची रांग, आणि शेवटच्या पेटीत आपला पेंगट घुबड. जुने चाहते म्हणतात, ही सगळ्यांत भारी खोडी. पेंगट एरवी भर गोंधळात झोपतो, दचकून उठतो आणि “संपलं का?” विचारतो. इथे तो उठतच नाही. कप्तान वाट बघतो आणि निघून जातो. हे कुणाला सुचलं? बाबा त्याच सुमारास गेले, म्हणून त्यांच्या नावावर लिहावं असं मनात आहे.

पेंगट आता कुठे असेल, काही कल्पना? आणि आई विचारते, तुम्ही यायचे का थांबलात.

टिकली

---

२३ जून

टिकले,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवतो, शेवटी विसरतो. पत्र पोचलं, पण पाकीट एका बाजूने उघडं होतं. पोस्टमनला विचारलं तर म्हणतो, “आजोबा, तुमची पत्रं वाचायचा मला पगार नाही.” कुणाचा काय भरवसा! पुढच्या वेळी खळ नीट लाव.

मी चौथी शिकलेला माणूस, एक पान लिहायला मला सकाळ जाते. सून म्हणते, “बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते.” म्हटलं नको. तिला सगळ्यातच काहीतरी गमतीचं दिसतं.

यान आणि आम्ही, मध्ये एकच प्लायवुडची भिंत. त्यांच्याकडे स्फोट झाला की आमच्या बोकडाची दाढी हलायची. आमच्याकडे भांडी पडली की त्यांचा कप्तान ओरडायचा, “अंतराळात आवाज नसतो रे गाढवांनो!” तिथूनच खोड्या सुरू झाल्या. चाळणीचं खरं सांगू? ती खोडी नव्हे, चोरी. आमची स्वयंपाकीण तीन भाग चाळणीवाचून राहिली. त्यांचा आठ पायांचा प्राणी पाहिलास ना? ती आमचीच दोन बकरं, उलटी करून शिवलेली. बदल्यात आम्ही त्यांच्या यानाचं दार आणून कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं.

पेंगट दोन माणसांचा. तुझा बाबा डोकं. उजवा हात चोचीत, डाव्या अंगठ्याला डोळ्यांची दोरी. अंगठा वाकवला की पापण्या वर, सोडला की आतलं रबर त्या खाली ओढून घेणार. ते रबर मीच बसवलेलं. मी डावा पंख. उजवा पंख अंगालाच शिवून टाकलेला, तिसरा माणूस कोण देणार? चौदा वर्षं आम्ही फळीखाली खांद्याला खांदा लावून उताणे पडलो. त्याने श्वास घेतला की मला कळायचं, आता बोलणार. डाव्या पंखाला स्वतःचं डोकं नसतं, असं सगळे मला चिडवायचे.

आणि एक रीत होती. खालच्याने शॉट तोडायचा नाही. पाठीत कळ येऊ दे, मुंगळा चढू दे, वरून ‘बस’ ऐकू आलं तरच हात काढायचा.

पेटीचं विचारतेस, तर ते यानाच्या दिग्दर्शकाने सांगितलं होतं, उठू नका म्हणून. आम्ही हुकमाचे ताबेदार. बाबाच्या नावावर लिहू नकोस, माझ्याही नको. खरं म्हणजे ती नोंद गाळच. तीस काय कमी आहेत? पेंगटला केव्हाच कसर लागली असेल, त्याचा शोध करू नकोस.

माझा डावा हात हल्ली बरा नसतो. म्हणून इथेच थांबतो. वहिनींना नमस्कार.

डावेकाका

---

३० जून

डावेकाका,

खळ लावली आहे, वर चिकटपट्टीही.

भागात त्या पेटीची नऊच सेकंदं आहेत. पण मूळ टेप एका वेगळ्या डब्यात सापडली. चार मिनिटं दहा सेकंद. आवाज नाही, नुसतं चित्र.

पहिल्या मिनिटात कप्तानाचे खांदे हसण्याने हलताहेत. दुसऱ्या मिनिटात डावा पंख हळूच वर येतो आणि पेंगटचं डोकं थोपटतो. मग पोटात कोपरखळी. मग काचेवर टकटक. तीन मिनिटं वीस सेकंदांनी पंख रिकामा होऊन खाली पडतो, पाय काढलेल्या मोज्यासारखा. आणि तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांनी पेंगट डोळे उघडतो. अर्धेच. चोच एकदा हलते. पापण्या खाली येतात. मग कुणीतरी कॅमेऱ्यावर हात ठेवतं.

मी ते पुन्हा पुन्हा बघते आहे. खोलीत एकटी असले की आता मला त्या यंत्राकडे पाठ करून बसवत नाही.

डब्यातल्या चिठ्ठीवर तारीख आठ मार्च, दुपारी तीन. काका, बाबा आठ मार्चलाच गेले. संध्याकाळी सहाला, स्टुडिओच्या फाटकाबाहेरच्या बाकावर, घरी जाताना दम लागला म्हणून टेकले आणि तिथेच. हे तुम्हीच येऊन सांगितलंत. मी नऊ वर्षांची होते. तो बाक शाळेच्या वाटेवर होता. सात वर्षं मी तिथे आले की रस्ता ओलांडून पलीकडून गेले. बाबा गेले हे मला सोसलं. ते रस्त्यात एकटे बसून गेले, हे अजून सोसत नाही.

तीन वाजता काय झालं?

टिकली

---

४ जुलै

टिकले,

कार्ड टाकतो, पाकिटाला बाहेर जावं लागतं. त्या चिठ्ठ्या लिहिणारा माणूस कायम कालचीच तारीख घालायचा. आठ मार्चला मी कामावर नव्हतोच, माझी दाढ काढली होती, गाल हा एवढा सुजला होता. रबर जुनं झालं की डोळे आपोआप उघडतात, त्यात विशेष काही नाही. ती टेप डब्यात घाल आणि डबा जिथे होता तिथे ठेव. आमच्याकडे टाकी गळते आहे, मला फार विचारू नकोस.

डावेकाका

---

११ जुलै

डावेकाका,

हजेरीच्या वहीत आठ मार्चला तुमची सही आहे. दाढ काढलेल्या माणसाच्या मानाने फारच ठसठशीत. आणि डोळे आपोआप उघडले म्हणता, तर चोचीचं काय? चोचीत रबर नव्हतं. तिथे हात होता.

मी पोलीस नाही. मी वाट बघते.

टिकली

---

२७ ऑगस्ट

टिकले,

सहा पत्रं लिहिली आणि फाडली. सून म्हणाली, “बाबा, या वयात प्रेमपत्र?” मी हसलो नाही, तेव्हा ती घाबरली.

सांगतो. एकदाच सांगतो, मध्ये थांबलो तर राहून जाईल.

ती पेटी लाकडी ओट्यावर होती, ओट्याला भोक, आम्ही दोघं खाली उताणे, हात वर. त्यांच्या फ्लोअरवरचे दिवे आमच्यापेक्षा मोठे, ओट्याखाली हवा नाही. पहिल्यांदा घेतलं तेव्हा सगळं ठरल्यासारखं झालं. कप्तान वाकला, पेंगट उठला, “संपलं का?” म्हणाला. पण कुणाची तरी सावली काचेवर पडली, म्हणून पुन्हा घ्यायचं ठरलं. तुझा बाबा म्हणाला, “आज उकडतंय रे फार.” मी म्हटलं, “तुला नवरदेवासारखा वारा घालायला माणूस ठेवू का?” एवढंच आमचं बोलणं.

दुसऱ्यांदा कप्तान वाकला आणि पेंगट उठला नाही. वर हशा. मला वाटलं, ताणतोय. तो असं करायचा, टिकले. एकदा आमच्या दिग्दर्शकाला चिडवायला त्याने पेंगटला अडीच मिनिटं झोपवलं होतं, आणि तेच सगळ्यांत गाजलं. जितका उशीर तितका मोठा हशा, हे त्याला अचूक कळायचं. त्याचा खांदा माझ्या खांद्यावर जड झाला. मी म्हटलं, “पुरे रे, परक्याच्या घरी आलोय.” उत्तर नाही. वर लोक पोट धरून हसताहेत. मी पंखाने डोकं थोपटलं, तर हशा आणखी वाढला. कोपरखळी मारली, आणखी वाढला. काच वाजवली. मी त्याला खरंच उठवत होतो आणि वर सगळ्यांना वाटत होतं, काय जमलंय! खरं सांगायचं तर दोन मिनिटं मलाही तसंच वाटत होतं. त्याच्या हशात माझाही पंख आहे, म्हणून मला आनंद होत होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं की मला त्याचा श्वास लागत नाही. चौदा वर्षं लागत होता. तरी मी हात काढला नाही, कारण वरून ‘बस’ आलं नव्हतं.

शेवटी काढला. कुशीवर वळून त्याला हलवलं. भोकातून येणाऱ्या उजेडात त्याचं तोंड मेणासारखं दिसत होतं. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पेंगटच्या आवाजात, अगदी हळू, विचारलं, “संपलं का?”

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो. बोकड पेंगटला जे उत्तर देतो तेच तोंडातून गेलं. “झोप मेल्या, तुझ्यावाचून काही अडत नाही.”

त्याने डोळे मिटले. मग मी ओरडलो, पण मग काय उपयोग.

माझं तोंड त्याच्याकडे होतं, वर मी पाहिलंच नाही. तू लिहिलंस तेव्हा मला कळलं की त्याच वेळी वरच्या पेटीत पेंगटनेही डोळे उघडले. अंगठा आपोआप वाकत नाही. रबर नवं होतं, आठ दिवसांपूर्वी मीच घातलेलं. त्याच्यात जेवढं उरलं होतं त्यातलं अर्धं त्याने मला दिलं आणि अर्धं वर पाठवलं. शॉट त्याने तोडला नाही.

व्यवस्थापक म्हणाले, फ्लोअरवर माणूस गेला असं झालं तर दोन्हीकडे कुलूप, साठ माणसं घरी. मागच्या दाराने आम्ही चौघांनी त्याला नेलं. पाय मी धरले होते. बाकावर बसवला, टोपी घातली. सगळे आत गेले, मी शेजारी बसून राहिलो. सहा वाजेपर्यंत. येणारी-जाणारी माणसं मला वेळ विचारत होती. मग तुमच्या घरी आलो आणि जे पढवलं होतं ते बोललो. त्यानंतर दोनदा आलो. दुसऱ्या वेळी तू म्हणालीस, “काका, पेंगटला बोलवा ना.” मग नाही आलो.

पेंगटला कसर लागलेली नाही. तो माझ्या ट्रंकेत आहे. रबर कुजलं, त्यामुळे आता त्याचे डोळे मिटत नाहीत. तुझ्या दुसऱ्या पत्रानंतर ट्रंक उघडली होती. पुन्हा उघडवत नाही. आणि डाव्या हाताचं विचारशील, तर दुखत नाही तो. बसल्या जागी आपोआप थोडा वर येतो, शेजारी कुणी आहे असा. मी दुसऱ्या हाताने खाली दाबतो. सून समजते, वयामुळे.

गल्लीतली माणसं मला बसमध्ये ओळखतात. म्हणतात, “आजोबा, ते पेटीतलं एक नंबर!” मी हात जोडतो.

तुझा डावेकाका

---

२० सप्टेंबर

डावेकाका,

आईला वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं.” बाबांना आंघोळ घालताना तिने त्यांच्या उजव्या कोपराखाली लाकडाच्या कडेचा वळ पाहिला होता. नखांत पिसांची पूड होती. बाकावर टेकलेल्या माणसाला असा वळ उठत नाही. मी विचारलं, मग काकांना कधी विचारलं का नाहीस? तर म्हणाली, “विचारलं असतं तर तो यायचा थांबला असता. नाही विचारलं, तरी थांबलाच.”

मी एका डॉक्टरांना विचारून आले. चार मिनिटं आधी बाहेर काढलं असतं तर फरक पडला असता का? ते म्हणाले, कदाचित पडला असता, कदाचित नाही. नक्की नाही असं त्यांनी म्हणावं म्हणून मी थोडी थांबले. ते म्हणाले नाहीत. मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही, खोटं या घरात पुष्कळ झालं.

पंधरा दिवस मला तुमचा राग होता. आजही आहे. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि घालवायचा प्रयत्नही मी करत नाही.

पण ते बाकावर एकटे बसून गेले नाहीत. तुम्ही मला अडतीस वर्षं जे सोसायला लावलंत ते झालंच नव्हतं. त्यांना कुणीतरी थोपटत होतं. मी टेपवर ते बघितलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

आता एक काम आहे. ती नऊ सेकंदं मला कापता येतील. कप्तान शेवटच्या पेटीआधीच वळेल, कुणाला पत्ता लागणार नाही. साहेबांना कारण सांगायची गरज नाही, टेप खराब होती म्हणेन. मी आईला विचारलं. ती म्हणाली, “ज्याचा हात आत होता त्याने ठरवावं.”

महिनाअखेरीपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर कापेन.

टिकली

---

२८ सप्टेंबर

टिकले,

कापू नकोस.

आधी ‘काप’ असंच लिहिलं होतं. सूनबाई बाजारात जाताना पत्र टाकते म्हणाली, तिच्या हातून परत घेतलं. मग दोन दिवस आजारी पडलो. कापलंस तर मला सोपं होईल, म्हणून कापू नकोस. आणि दुसरं म्हणजे तो तिथे हसवायला गेला होता. लोक हसतात ते बरोबरच हसतात. चूक त्यांची नाही.

नोंदीत मात्र कुणाला सुचलं हे लिहू नकोस. कुणालाच सुचलं नव्हतं.

वहिनींना काय लिहू, सुचत नाही. वळ पाहूनही त्यांनी मला दोनदा चहा दिला.

डावेकाका

---

१७ नोव्हेंबर

टिकले,

काल दुपारी सव्विसावा भाग लागला. तू लिहिलं होतंस तीच वेळ. बघणार नाही असं ठरवून मी टाकीखालची बादली बदलायला गेलो. सून आतून ओरडली, “बाबा, या लवकर, तुमच्या शेजाऱ्यांचं यान आलंय!” आलो. उभाच राहिलो.

पेट्यांची रांग सुरू झाली. तू साफ केलंस ते फार स्वच्छ दिसतंय, एवढं स्वच्छ आम्हालाही तिथे दिसलं नव्हतं. शेवटची पेटी आली. कप्तान वाकला. डावा हात मी दाबून धरला नाही. तो जेवढा यायचा तेवढा वर आला.

सून खळखळून हसली. भिंतीपलीकडचे शेजारीही तेच बघत होते, तेही हसले. “अहो, हा तुमचाच ना? उठत कसा नाही हा?” ती म्हणाली.

मी म्हटलं, “त्याच्या आतला माणूस मेला होता.”

तिला वाटलं, मी चेष्टा करतोय. माझ्याकडे बघत ती पुन्हा हसली, आणि मग तिचं हसणं अर्ध्यावर राहिलं.

“म्हणजे खरंच?”

“खरंच. हा एवढ्या अंतरावर, माझ्या शेजारी.”

“मग तुम्ही हाक का नाही मारली?”

“मला वाटलं, सोंग करतोय.”

हे मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोललो. तुला लिहिलं होतं, पण लिहिणं वेगळं. वाटलं होतं, बोललो की काहीतरी होईल, निदान तिच्या डोळ्यांत मी उतरेन. तिने पाट पुढे सरकवला आणि म्हणाली, “बसा.” मी बसलो. मग तिने विचारलं, “ते माणूस म्हणून कसे होते?” आणि मी सांगायला लागलो, अडीच मिनिटांच्या झोपेचं, चाळणीचं, उकडतंय म्हणाला त्याचं. यान केव्हा संपलं ते आम्हाला कळलं नाही. पलीकडच्या घरात अजून कुणीतरी पेंगटची नक्कल करून हसत होतं. आमच्या भिंती पातळ आहेत. मी त्यांना हसू दिलं.

डावेकाका